दोर कोणता आणि बांधायचा कुठे?

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागली की आमच्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर एक खेळ हमखास पाहायला मिळतो. ओहोटीच्या वेळी पुळण रस्त्यासारखी टणक दिसते. पुण्या-मुंबईहून आलेली एखादी दणकट गाडी तिच्यावर उतरते, दोन चकरा मारते आणि पाण्याच्या कडेला मऊ जागा लागली की चाकं रुततात. चालक जोरात रेस करतो, चाकं आणखी खोल जातात. मग गर्दी जमते. कुणी ट्रॅक्टर आणतो, कुणी होडीवरचा जुना दोर आणतो, आणि आरडाओरडा करत ओढाओढ सुरू होते. लहान मुलं सर्वांत पुढे, दोराला जवळजवळ खेटून उभी असतात. मला भीती वाटते ती या मुलांची.

पुळणीवर गाडी नेऊच नये, हे आधी सांगतो. गोव्यात त्याला बंदी आहे, आपल्याकडेही अनेक किनाऱ्यांवर आहे. वेळाससारख्या ठिकाणी वाळूत कासवांची घरटी असतात, त्यांचा तरी विचार करावा. पण गाड्या काही फक्त हौसेनं रुतत नाहीत. पावसाळ्यात शेताच्या बांधावर, सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर वऱ्हाडाची जीपही रुतते, दूधवाल्याचा टेम्पोही रुतते. ओढण्याची वेळ कुणावरही येते.

मी कवी माणूस, बी.ए. झालेला. यंत्रातलं मला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या भागातल्या मुसलमान घरांतून एक तरी माणूस दर्यावर गेलेला असतो. माझे चाचा मोठ्या जहाजांवर खलाशी होते. जहाज धक्क्याला बांधतात तो दोर ताणाखाली तुटला, तर त्याचं टोक चाबकासारखं उलटं येतं आणि समोरच्या माणसाचा जीव घेतं. जगभरच्या बंदरांत खलाशी असे मेले आहेत. चाचा आम्हा पोरांना विहिरीवरसुद्धा बजावायचे, ‘ताणलेल्या दोराच्या रेषेत उभा राहू नको.’ गाडी ओढण्याचं सगळं शास्त्र मला त्या एका वाक्यात दिसतं.

आता दोराकडे येऊ. दुकानात दोन पट्टे शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि दिसायला जुळे भाऊ वाटतात. एक असतो टो-स्ट्रॅप, बहुधा पॉलिएस्टरचा. तो फारसा ताणत नाही. बंद पडलेली गाडी रस्त्यावरून हळूहळू ओढत न्यायला तो चांगला. दुसरा नायलॉनचा, ताण घेणारा. त्याला कायनेटिक रोप किंवा स्नॅच स्ट्रॅप म्हणतात. कायनेटिक दोर रबरासारखा वीस-तीस टक्के लांबतो, ओढणाऱ्या गाडीचा जोर पोटात साठवतो आणि रुतलेल्या गाडीला हळूच उपटून काढतो. झटका द्यायचा तो फक्त याच दोरानं. न ताणणाऱ्या पट्ट्याला, साखळीला किंवा तारेच्या दोराला झटका दिला, तर तो सगळा घाव हुकावर आणि चॅसीवर बसतो. क्रेनवर माल उचलायचा पट्टाही या कामाचा नाही. विकत घेताना ‘मजबूत आहे ना?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘हा ताणतो का?’ हेही विचारावं.

किती मजबूत? पट्ट्यावर तुटण्याची क्षमता छापलेली असते. दोन्ही गाड्यांतली जी हलकी, तिच्या सामानासकट वजनाच्या दुप्पट ते तिप्पट क्षमता असावी, असा संकेत आहे. म्हणजे अडीच टनांच्या गाडीला पाच ते साडेसात टन. त्याहून फार जाड दोर घेतला तर तो ताणतच नाही आणि पैसे वाया जातात. ज्यावर आकडाच नाही तो दोर घेऊ नये, मग दुकानदार काहीही म्हणो.

पण माझ्या मते दोरापेक्षा मोठा प्रश्न तो बांधायचा कुठे, हा आहे. दोर नुसता तुटला तर त्याचा फटका बसतोच, पण दोराच्या टोकाला लोखंडाचा तुकडा असला तर ती तोफेची गोळी होते. परदेशात गाडीच्या मागे ट्रेलर जोडण्याचा गोल लोखंडी गोळा असतो. त्यात दोर अडकवून ओढताना तो गोळा तुटून माणसं मेल्याचे प्रकार ऑस्ट्रेलियात घडलेले आहेत. आपल्याकडे लोक बंपरला, ॲक्सलला, कधी स्टिअरिंगच्या दांड्याला दोर गुंडाळतात. काही गाड्यांखाली पातळ कडी असते, ती गाडी ट्रकवर चढवून नेताना जखडण्यासाठी दिलेली असते, उपटण्यासाठी नाही. मोटारीच्या डिकीत येतो तो फिरकीचा हुकसुद्धा सपाट रस्त्यावर ओढण्यापुरता. चॅसीला बोल्टनं बसवलेला आणि किती भार पेलतो हे कंपनीनं सांगितलेला हुक असेल, तरच झटक्याचा विचार करावा. आपल्या गाडीला तो कुठे आहे, हे प्रवासाला निघण्यापूर्वी पुस्तिकेत पाहून ठेवावं. अंधारात, गुडघाभर पाण्यात, बायकोमुलं ओरडत असताना ते सापडत नाही.

दोर हुकाला जोडणारी जी कडी, तिला शॅकल म्हणतात. लोखंडी शॅकल घेतला तर त्यावर 3.25 किंवा 4.75 टन असा सुरक्षित भार कोरलेला असावा. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी बिनआकड्याची कडी या कामाला नको. अलीकडे दोराचाच विणलेला मऊ शॅकल मिळतो. तो हलका असल्यामुळे सुटला तरी लोखंडाइतका घातक नाही. मला विचाराल तर तोच घ्या, मात्र धारदार कडेवर घासू देऊ नका. आणि दोन दोर एकमेकांना जोडायला मध्ये लोखंडी कडी कधीही वापरायची नाही.

वेगाचं गणितही लोकांना माहीत नसतं. गर्दीतून नेहमी एक आवाज येतो, ‘अजून जोरात घे!’ ताशी 10 किलोमीटरऐवजी 20 नं घेतलं तर दोरात शिरणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून पहिला झटका अगदी हळू द्यावा. लष्करात एक ढोबळ हिशेब शिकवतात. गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर ती काढायला तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट. याचा सरळ अर्थ असा, की दोर बांधण्याआधी फावडं घ्यावं. चाकांपुढची वाळू उपसावी, खाली पोती किंवा फळ्या सरकवाव्यात. माझा धाकटा भाऊ मस्कतला असतो. तिथले लोक वाळवंटात शिरण्यापूर्वीच टायरमधली हवा पंधरा-अठरा पौंडांवर आणतात, परत रस्त्यावर आले की भरतात. कितीदा तरी तेवढ्यानंच गाडी आपल्या पायांनी बाहेर येते, असं तो सांगतो.

किनाऱ्यावर मात्र घड्याळ दर्याचं असतं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती. चांद आम्ही ईदसाठी पाहतो, तसाच तो यासाठीही पाहावा. पाणी वर येत असेल तर घाईत चुकीच्या जागी दोर अडकवण्यापेक्षा माणसं बाहेर काढावीत. गाडीचा विमा असतो.

आमच्या वाडीतला एक तरुण ट्रॅक्टरनं अशा गाड्या ओढतो. पूर्वी तो होडीचा दोर आणि मिळेल ती कडी वापरायचा. एकदा कडी सुटली आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डला मुठीएवढं भोक पाडून गेली. तेव्हापासून त्यानं नीट दोर घेतला आहे आणि त्याचा एक रिवाज ठरलेला आहे. आधी लोकांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब नेतो. नऊ मीटरचा दोर असेल तर साडेतेरा मीटर, तेही बाजूला, सरळ रेषेत नाही. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनाही तो सोडत नाही. दोराच्या मधोमध जाड ओली गोधडी टाकतो, म्हणजे दोर सुटलाच तर उसळी कमी होते. दोन्ही गाड्यांत फक्त चालक. इशारा करायला एकच माणूस, बाकीच्यांनी गप्प राहायचं. काही गाडीवाले चिडतात, ‘एवढं नाटक कशाला?’ म्हणतात. तो म्हणतो, मग दुसरा ट्रॅक्टर बघा.

काम झालं की दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवतो, कारण वाळूचे कण आत राहिले की धागे आतून कापले जातात आणि उन्हानं नायलॉन कुजतं. भिजलेला नायलॉन तसाही थोडा कमजोर असतो. कुठे धागे तुटलेले दिसले, तर तो दोर फेकून देत नाही. फेकला तर उद्या दुसरा कुणीतरी उचलून वापरेल. कोयत्यानं त्याचे हात-हातभर तुकडे करतो आणि मगच टाकतो.