एका नावाचे अनेक धनी : बर्लिन शहरातील ‘इस्राएल’

‘इस्राएल’ हे नाव आज मुख्यत्वे एका राष्ट्राचे नाव म्हणून परिचित असले, तरी ते राष्ट्र अस्तित्वात येण्यापूर्वी बर्लिन शहरात त्या नावाचा एक दीर्घ इतिहास घडून गेला होता. त्या इतिहासात हे नाव कोणी आनंदाने धारण केले, कोणी वारशाने वागवले, आणि अखेरीस ते हजारो माणसांवर सरकारी हुकमाने लादले गेले. मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही, कारण कोकणातील एक मराठीभाषक समाज कित्येक पिढ्या स्वतःस याच नावाने ओळखत आला आहे.

नावाचा पहिला धनी याकोब. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथानुसार याब्बोक नदीकाठी तो एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झुंजला, मांडीचा सांधा निखळला तरी आशीर्वाद घेतल्याविना त्याने प्रतिस्पर्ध्याला सोडले नाही, आणि पहाटे त्याला इस्राएल हे नवे नाव मिळाले. त्याच्या वंशजांचे नाव म्हणून ते पुढे चालले आणि कालांतराने, अश्शूरी सत्तेने इ. स. पूर्व 722 च्या सुमारास जिंकलेल्या उत्तरेकडील राज्याचेही झाले. बायबलबाहेरील त्याचा सर्वमान्य प्राचीन उल्लेख मेर्नेप्ताह या इजिप्तच्या राजाच्या, इ. स. पूर्व 1208 च्या सुमाराच्या विजयलेखात सापडतो. उत्खननकर्ते पेट्री यांना तो लेख 1896 मध्ये मिळाला आणि श्पीगेलबेर्ग या जर्मन अभ्यासकाने त्यातील हे नाव वाचले. तेथे नावापुढे कोरलेले चिन्ह प्रदेशाचे नसून लोकसमूहाचे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बर्लिनच्या संग्रहालयातही एका पुतळ्याच्या बैठकीचा भग्न तुकडा असून त्यावरील अर्धवट अक्षरे हेच नाव दर्शवतात असे काही अभ्यासक मानतात, परंतु हे वाचन वादग्रस्त आहे.

अर्वाचीन बर्लिनमध्ये हे नाव कधी व्यक्तिनाम म्हणून, तर कधी आडनाव म्हणून भेटते. जुन्या ज्यू प्रथेत माणसाची ओळख स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढ्यावर भागत असे, आणि पिढ्यानपिढ्या चालणारे स्थिर आडनाव सर्वत्र रूढ नव्हते. प्रशियाच्या 11 मार्च 1812 च्या फर्मानाने ज्यूंना नागरिकत्व देताना स्थिर आडनाव घेण्याची अट घातली, त्यामुळे अनेक घराण्यांत वाडवडिलांचे नावच आडनाव होऊन बसले. इस्राएल याकोबसन (1768–1828) यांच्या बाबतीत ते व्यक्तिनाम होते. झेझेन येथे शाळा काढणाऱ्या या सुधारकाने 1815 मध्ये बर्लिनमधील आपल्या घरी जर्मन प्रार्थना आणि ऑर्गनचे वादन असलेली उपासना सुरू केली. ज्यू धर्मसुधारणेच्या चळवळीचा एक उगम त्या घरात आहे, आणि 1823 मध्ये प्रशियाच्या राजाने अशा नव्या पद्धतीच्या उपासनेस मनाई केली तरी ती चळवळ थांबली नाही.

1815 मध्येच नाथान इस्राएल यांनी बर्लिनमध्ये व्यापार सुरू केला. त्यातून शहराच्या लाल नगरभवनासमोरील श्पांडाउअर रस्त्यावर उभे राहिलेले ‘एन. इस्राएल’ हे भव्य दुकान वस्त्रप्रावरणांसाठी विख्यात झाले. तिसरे उदाहरण शल्यचिकित्सक जेम्स इस्राएल (1848–1926) यांचे असून ते बर्लिनच्या ज्यू रुग्णालयाशी दीर्घकाळ निगडित होते. जबडा व मान या भागांत कठीण गाठी उठून त्यातून पिवळसर कणांचा पू वाहतो, अशा एका रोगाचे माणसातील वर्णन त्यांनी 1878 मध्ये केले, आणि त्या रोगाच्या जंतूला आजही ‘ॲक्टिनोमायसेस इस्राएली’ म्हणतात. याब्बोककाठच्या झुंजीतून निघालेले नाव अशा रीतीने जीवाणूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शिरले.

हे सारे वापर स्वाभाविक होते, कारण नाव आणि धनी यांच्यात घराण्याचा, श्रद्धेचा किंवा कर्तृत्वाचा धागा होता. 17 ऑगस्ट 1938 रोजी नाझी शासनाने काढलेल्या आदेशाने मात्र नावाचे प्रयोजनच पालटून टाकले. बर्लिनमधील गृहमंत्रालयाने ज्यूंसाठी अनुज्ञेय नावांची एक यादी तयार केली. ख्रिस्ती घरांतही रुळलेली पुष्कळशी बायबली नावे तीत नव्हती, तर लोकांना परकी वा विचित्र वाटावीत अशी नावे मात्र भरलेली होती. ज्यांचे नाव या यादीत नव्हते अशा जर्मन आणि राष्ट्रहीन ज्यूंनी 1 जानेवारी 1939 पासून आपल्या नावापुढे, पुरुष असल्यास ‘इस्राएल’ आणि स्त्री असल्यास ‘सारा’, हे जोडनाव लावणे सक्तीचे झाले. जोडनाव घेतल्याची माहिती जन्म-विवाह नोंदणी कार्यालयास व पोलिसांना लेखी द्यावी लागे, कायदेशीर आणि व्यावसायिक व्यवहारात ते लिहावे लागे, आणि हेतुपुरस्सर न लिहिणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा होती.

नावाचे मूळ काम एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे हे आहे, आणि या आदेशाने नेमके त्याच्या उलट काम नावाकडून करून घेतले. सगळ्यांच्या नावात एकच शब्द घुसवल्यावर वकील, शिंपी, संगीतकार आणि पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून पदक मिळवलेला सैनिक हे कारकुनाच्या नजरेपुढे एकाच रांगेत उभे राहिले. शासनाने यासाठी एखादे अपशब्दवजा नाव निवडले नाही, तर त्या समाजाच्या मूळ पुरुषाचे आणि आद्य मातेचे नाव निवडले, ही या कृत्यातील सर्वांत क्रूर बाब आहे. आईबापांनी दिलेले नाव कोणी बदलून लावले तर माणूस निषेध तरी करू शकतो, परंतु स्वतःच्या प्रार्थनेतील पवित्र शब्दच शिक्का म्हणून कपाळी मारला गेल्यावर त्याचा निषेध कोणत्या शब्दांत करावा, हा पेच त्या पिढीपुढे होता. 18 ऑक्टोबर 1941 रोजी बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड स्थानकातून ज्यूंच्या हद्दपारीची पहिली गाडी सुटली. त्या आणि पुढच्या गाड्यांच्या याद्यांत माणसामागून माणूस ‘इस्राएल’ किंवा ‘सारा’ अशीच नोंद आहे.

नाथान इस्राएल यांच्या घराण्यातील विल्फ्रिड इस्राएल (1899–1943) यांच्याकडे हे नाव आडनाव म्हणून जन्मतःच होते. नोव्हेंबर 1938 च्या ज्यूविरोधी हिंसाचारात त्यांच्या दुकानाची नासधूस झाली आणि लवकरच ते घराण्याच्या हातून गेले. अटकेतील कर्मचाऱ्यांच्या सुटकेसाठी ते झटले, आणि सुमारे 10,000 मुलांना ब्रिटनमध्ये नेणाऱ्या बचावकार्याच्या आरंभी त्यांचा मोलाचा वाटा होता. निर्वासितांना पॅलेस्टाइनचे प्रवेशपरवाने देण्याचे काम करून लिस्बनहून परतताना 1 जून 1943 रोजी त्यांचे प्रवासी विमान जर्मन लढाऊ विमानांनी पाडले. त्यांनी जमवलेला आशियाई कलावस्तूंचा संग्रह इस्राएलमधील हाझोरेआ या वसाहतीत त्यांच्या नावाच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

त्या वर्षांत जर्मनीतून निसटलेले काही ज्यू मुंबईस पोहोचले, तेव्हा तेथे ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलाची मुले, असे नाव अभिमानाने सांगणारा समाज वसलेला होता. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, दिवेकर, किहीमकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली आडनावे जे लावत, आणि आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनातून ऐकत, तेच हे लोक. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलेल्या सभास्थानाच्या परिसरास इस्राएल मोहल्ला म्हणत. बर्लिनहून आलेल्याच्या पारपत्रात जे नाव सक्तीने लिहिले गेले होते, ते इथे शेजाऱ्यांच्या तोंडी हिणवण्याचा शब्द झाले नव्हते. या फरकाचे श्रेय कोकणातल्या गावगाड्याला मिळायला हवे आणि ते अजून पुरेसे दिले गेलेले नाही.

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जोडनावाचा तो आदेश रद्द केला. नोंदवहीत मात्र मजकूर खोडता येत नसतो, म्हणून जन्मनोंदीच्या समासात आधी जोडनावाचा शेरा आणि त्याखाली तो रद्द झाल्याचा दुसरा शेरा, असे दोन्ही कायम राहिले. नामविषयक आदेशांच्या कामात सहभागी असलेले अधिकारी हान्स ग्लोब्के 1953 ते 1963 या काळात पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांच्या कार्यालयाचे प्रमुख सचिव होते. दरम्यान 14 मे 1948 रोजी इस्राएल हे एका राष्ट्राचे नाव झाले आणि 1952 मध्ये आडेनाउअर यांच्याच सरकारने त्या राष्ट्राशी भरपाईचा करार केला. बेने इस्राएलांपैकी बरेचजण तिकडे गेले. आपल्या नावातच इस्राएल असलेल्या या लोकांच्या ज्यू असण्याविषयी तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात शंका काढली, त्यावर त्यांनी आंदोलन केले आणि ऑगस्ट 1964 मध्ये ते सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे शासनाकडून जाहीर करवून घेतले.