आजीचे चरित्र कोणी लिहावे?



थोर पुरुषांच्या चरित्रांवरील व्याख्याने आपण अशा मंडपांतून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आज जिची जयंती कोणत्याही पंचांगात नाही, अशा व्यक्तीविषयी आम्ही बोलणार आहोत. ती म्हणजे घरोघरची आई, आणि तिचीच पुढे झालेली आजी.

आपापल्या घराण्याची वंशावळ उघडून पाहा. पणजोबांच्या वडिलांचे नाव सापडेल. त्यांची पत्नी कोणत्या गावची, तिचे माहेरचे नाव काय, हे बहुधा सापडणार नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, की जुने नाव माहेरीच राहिले. पुढे ती अमक्याची बायको, तमक्याची आई आणि शेवटी सर्वांचीच आजी झाली.

आमची आजी खटाव तालुक्यातली. नव्वदी ओलांडून ती गेली. तिला जन्मतारीख ठाऊक नव्हती. पण तिची कालगणना पक्की होती. लग्न पत्रीसरकारच्या काळात, 1945 साली झाले. वाजंत्री नाही, हुंडा नाही, फक्त हार आणि भाषणे, असे ते गांधी-लग्न. थोरला मुलगा गांधीजी गेले त्या सालचा, म्हणजे 1948 चा. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तिने मुलांना अंगणात आणले आणि म्हशीचे दावे सोडण्यासाठी ती पुन्हा गोठ्यात शिरली. 1972 च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणी. मुले विचारीत, तेव्हा ‘माझं झालंय जेवण’ एवढेच सांगे. त्या वर्षी ती काय खाऊन जगली, हे आमच्या घरात आजही कोणाला ठाऊक नाही.

अशा आजीला त्यागमूर्ती म्हणून हात जोडणे फार सोपे आहे. देवीला कोणी प्रश्न विचारीत नाही. परंतु माणूस म्हणून तिची ओळख करून घ्यावयाची, तर तिला काय आवडे, कशाचा राग येई, कोणती गोष्ट मनाविरुद्ध करावी लागली, हे विचारावे लागते.

ज्या घरांनी हे केले, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, या बालविधवा. 1893 साली त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्यापायी उभयतांना बहिष्कार सोसावा लागला. त्यांचे ‘माझे पुराण’ 1944 साली प्रसिद्ध झाले, त्याचे संपादन त्यांच्या सूनबाई कावेरीबाईंनी केले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात निघाली. लक्ष्मीबाई 1936 साली वारल्या, तेव्हा अपुरा राहिलेला भाग चिरंजीव देवदत्तांनी पुरा केला, आणि पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीच्या ग्रंथाची आवृत्ती संपादिली. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या घरकाम आणि शेतकाम करता करता जे म्हणत, ते मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ टिपून ठेवीत. त्या 1951 साली गेल्या. आचार्य अत्रे यांच्या खटपटीने 1952 साली त्यांची गाणी छापली गेली. ते टिपण झाले नसते, तर महाराष्ट्राला ही कवयित्री मिळाली नसती.

आणखी एक उदाहरण देतो. गी पॉइटविन आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. पिठाच्या गिरण्या आल्या, तशी जाती थांबली. परंतु दळणाऱ्या बायांनी आईविषयी, भावाविषयी आणि सासुरवासाविषयी काय म्हटले, हे टिकून राहिले.

आता सरकारी दप्तरातही आईला जागा मिळू लागली आहे. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. तो स्वागतार्ह आहेच. पण दप्तरात नाव राहते, आयुष्य राहत नाही. ते काम घरातल्या माणसांचे आहे, आणि बायांच्या सूनबाईंनी दाखवून दिल्याप्रमाणे त्यासाठी रक्ताचेच नाते लागते असे नाही.

श्रोतेहो, ज्यांच्या घरी आई किंवा आजी आहे, त्यांनी उद्या सकाळी तिच्याजवळ एक वही घेऊन बसावे. पहिला प्रश्न माहेरच्या नावाचा विचारावा. दुसरा, तिच्या आईच्या नावाचा. पुढचे ती आपणहून सांगेल. आपण मध्ये बोलू नये.