निकाहाचा कागद कुठे आहे?

(मालवण इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला लग्नाच्या कायदेशीर तयारीवर बोलायला सांगितलंय. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आमच्या घराला हा विषय एकदा फार महाग पडला, म्हणून बोलतो.

माझ्या खालूंचा मस्कतला इंतकाल झाला. खाला इथे देवगड तालुक्यात, गावी. कंपनीकडून येणं होतं, बँकेत थोडे पैसे होते. सगळीकडे एकच सवाल: तुम्ही त्यांची बीवी असल्याचा पुरावा काय? अख्ख्या गावाने त्यांच्या निकाहाची दावत खाल्ली होती, पण गाव काही बँकेत नेता येत नाही. निकाहनामा होता, अर्धा वाळवीने खाल्लेला. त्यावर खालाचं घरातलं नाव, आधारवर दुसरं, खालूंच्या पासपोर्टवर बायकोचं तिसरंच. सरकारी नोंद नव्हती. पैसे मिळायला दोन वर्षं लागली. तोवर तिच्या हातातल्या बांगड्या गेल्या होत्या.

सगळं ठीक चाललेलं असतं तेव्हा हा कागद कुणी मागत नाही. मौत, तलाक, व्हिसा, वारसा, असा प्रसंग आला की मागतात. आणि तेव्हा रांगेत बहुतेक वेळा बाई उभी असते.

काहीजण म्हणतात, काझीसाहेबांनी पढवला, दोन गवाह होते, निकाह झाला; मग सरकार कशाला? निकाह झाला हे खरंच आहे. नोंदणी केली नाही म्हणून तो रद्दही होत नाही. पण महाराष्ट्रात १९९८चा विवाह नोंदणी कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे, आणि सुप्रीम कोर्टानेही १४ फेब्रुवारी २००६ला हेच सांगितलं की धर्म कुठलाही असो, नोंदणी सक्तीची हवी. दीनचं म्हणाल, तर सूरह बकराची २८२वी आयत उधारीचा साधा व्यवहारही लिहून ठेवायला सांगते. मग आयुष्यभराचा करार तोंडी का ठेवायचा?

आता काम कसं करायचं ते बघू. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी १८ वर्षांची पूर्ण हवी. गावात ग्रामपंचायतीत, मालवणसारख्या शहरात नगरपरिषदेत नोंदणी होते. मुदत निकाहापासून ९० दिवस. त्यानंतरही होते, फक्त जादा फी पडते. निकाहाला दोन गवाह लागतात, सरकारी अर्जाला तीन साक्षीदार. अर्जावर काझीसाहेबांचीही सही लागते. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, निकाहनाम्याची प्रत, लग्नपत्रिका एकाच फाइलमध्ये ठेवा. दुल्हा आठ दिवसांत परत दुबईला, साक्षीदार मुंबईला, मग कोण कुणाला गोळा करणार? म्हणून वलीमाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यांना घेऊन जा. कार्यालयात आधी एकदा विचारून या.

नावाचं लक्षात ठेवा. आपल्याला 'शेख' आणि 'शैख' एकच वाटतात. संगणकाला ती दोन वेगळी माणसं असतात. निकाहनाम्यावर नाव आधार किंवा पासपोर्ट समोर ठेवून लिहून घ्या. चूक असेल तर निकाहाआधी दुरुस्त करा. बायकोला आखातात न्यायचं असेल तर याच दाखल्यावर अपोस्टिल किंवा वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो, आणि तिथे एका अक्षराचा फरकही अडवतो.

आता मेहेर. उर्दूत 'मुअज्जल' असे दोन शब्द आहेत. एक ऐनने लिहितात, त्याचा अर्थ ताबडतोब द्यायचा. दुसरा हमझाने, त्याचा अर्थ नंतर द्यायचा. कानाला दोन्ही जवळपास सारखेच, देवनागरीत तर हुबेहूब सारखे. म्हणून साध्या मराठीत लिहून घ्या: रक्कम किती, आज किती दिली, बाकी कधी. मेहेर म्हणजे नवऱ्यावरचं कर्ज. तो गेला तर वारसांमध्ये वाटणी होण्याआधी ते फेडायचं असतं, आणि बेवेचा वारसाहक्क त्याशिवाय वेगळा: मुलं असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. पण यातलं काहीही मागायचं तर आधी निकाह सिद्ध व्हावा लागतो.

मुलींनो, निकाहनामा करार आहे, त्यात अटी घालता येतात. ठरलेल्या परिस्थितीत स्वतःला तलाक घेण्याचा अधिकार, म्हणजे तफवीज, लिहून घेता येतो; आपल्या कोर्टांनीही तो मानलेला आहे. हे स्टेजवर बोलायचं नसतं, महिनाभर आधी शांतपणे बोलायचं असतं. घूंघटात अंगठा किंवा सही घेतली जाते तो कागद आधी वाचलेला असू दे. आणि त्याची एक मूळ प्रत तुमच्याकडे असू दे, सासरच्या कपाटात नव्हे.

दोस्तांनो, आपल्या कोकणातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला मुंबईत मोर्चा काढला. त्यात अवघ्या सात मुस्लिम बाया होत्या. त्यांना कायदा बदलून हवा होता, आणि त्यासाठी शिव्या खाव्या लागल्या. आपल्याला जो कायदा आहे त्याचा एक फॉर्म भरायचाय. एवढंही नाही केलं तर शरमेची गोष्ट आहे.

शेवटी एकच काम सांगतो. आज घरी गेलात की अम्मीला विचारा, "तुझा निकाहनामा कुठे आहे?" मिळाला तर त्यावरचं नाव आधारशी ताडून बघा, फोटो काढून ठेवा. नोंदणी नसेल तर अब्बांना आणि अम्मींना घेऊन ग्रामपंचायतीत जा. लग्नाला तीस वर्षं झाली असली तरी नोंदणी होते. अब्बा हसतील, हसू द्या. माझी खाला त्या दिवसांत एकदाही हसली नव्हती.