काम शोधण्याचें काम

“ज्याला खरोखर काम करावयाचें असेल त्याला काम मिळतेंच,” हें वाक्य सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत वारंवार ऐकूं येतें. तें बोलणारा बहुधा नोकरींत कायम झालेला असतो, आणि त्याच्या डोळ्यांपुढें ओळखीच्या कुटुंबांतील एखादा तरुण असतो. तो उशिरां उठतो, दुपारभर वर्तमानपत्र चाळीत बसतो आणि संध्याकाळीं कोपऱ्यावर उभा राहतो. हें चित्र अगदींच खोटें असतें असें नाहीं. परंतु तो तरुण उशिरां उठतो म्हणून त्याला काम मिळत नाहीं, कीं काम मिळत नाहीं म्हणून तो उशिरां उठूं लागला आहे, हें त्या चित्रावरून कळत नाहीं. कार्य कोणतें व कारण कोणतें हें ठरवावयाचें तर माणसांच्या दिवसांचा तासातासानें हिशेब घ्यावा लागतो. असा हिशेब ज्या एका गांवीं मोठ्या कसोशीनें घेतला गेला, त्याची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिच्या आग्नेयेस फिशा नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं मारिएन्थाल ही गिरणीकामगारांची वसाहत आहे. सुताची व कापडाची गिरणी हीच त्या वसाहतीच्या अस्तित्वाचें कारण होती. १९२९ सालीं सुरू झालेल्या जागतिक मंदीच्या तडाख्यांत ती गिरणी टप्प्याटप्प्यानें बंद झाली, आणि १९३० च्या आरंभीं तिचा भोंगा कायमचा थांबला. गांवांत ४७८ कुटुंबें होतीं; त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश कुटुंबांत मिळवतें असें एकहि माणूस उरलें नाहीं. १९३१ च्या हिवाळ्यांत व्हिएन्नाहून संशोधकांचें एक पथक येथें आलें. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझेल हीं त्यांतील प्रमुख मंडळी. तिघेंहि तेव्हां ऐन तरुण होतीं. लाझार्सफेल्ड यांच्या मनांत खरें पाहतां कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करावयाचा होता. देशांत इतकी बेकारी माजलेली असतां फुरसतीचा अभ्यास कसला करतां, असें समाजवादी पुढारी ओटो बाउअर यांनीं त्यांना सुनावलें, आणि विषय बदलला.

या पथकाचा एक दंडक होता: गांवांत नुसता बघ्या म्हणून कोणीं राहावयाचें नाहीं, प्रत्येकानें गांवाच्या कांहीं तरी उपयोगीं पडलें पाहिजे. व्हिएन्नांत गोळा केलेले जुने कपडे घरोघर वाटण्यांत आले, डॉक्टरांनीं फुकट तपासणी केली, बायकांसाठीं कपडे बेतण्याचे वर्ग निघाले. त्या निमित्तानें घराघरांत प्रवेश मिळाला, आणि ज्या गोष्टी प्रश्नपत्रिकेला कधींहि सांगितल्या गेल्या नसत्या त्या कळूं लागल्या.

त्यांपैकीं एक पाहणी मोठी साधी, पण फार बोलकी आहे. मुख्य रस्त्यावरून दुपारच्या सुमारास जाणारीं शंभर माणसें एका खिडकीआडून न्याहाळण्यांत आलीं आणि कोण कितीदां थांबतो याची नोंद ठेवली गेली. शंभरांत ६८ पुरुष व ३२ स्त्रिया होत्या. पुरुषांपैकीं ३९ जण वाटेंत तीन वा अधिक वेळां थांबले. स्त्रियांत इतक्या वेळां थांबणाऱ्या अवघ्या तिघीच निघाल्या. स्त्रियांची चाल पुरुषांच्या सुमारें दीडपट भरली. बेकारी सर्वांच्याच वांट्याला आली होती, परंतु चूल, धुणीं व मुलें हीं बंद पडलीं नव्हतीं, त्यामुळें स्त्रियांचा दिवस भरलेलाच होता. पुरुषांच्या दिवसाचे कांठ मात्र सुटले होते. शंभर पुरुषांत ८८ जणांच्या अंगावर घड्याळ नव्हतें. सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलें तें तासवार लिहून द्या म्हटलें, तर उठणें, जेवणें व निजणें यांपलीकडे बहुतेकांना कांहीं आठवेना.

वेळ मिळाला म्हणजे माणूस वाचन करील, असें कोणालाहि वाटेल. कामगारांच्या वाचनालयानें तर वर्गणीहि माफ केली होती. तरी १९२९ ते १९३१ या अवधींत पुस्तकांची उचल जवळजवळ निम्म्यानें घटली. या एका आंकड्यानें फुरसत व बेकारी यांतील अंतर जितकें स्पष्ट होतें, तितकें पानेंच्या पानें लिहूनहि होणार नाहीं.

संशोधकांनीं कुटुंबांचे त्यांच्या मनःस्थितीप्रमाणें चार वर्ग पाडले : अभंग, निमूट, हताश आणि खचलेले. नंतर प्रत्येक वर्गाचें दरडोई मासिक उत्पन्न काढलें, तेव्हां तें अनुक्रमें ३४, ३०, २५ व १९ शिलिंग भरलें. धीर सुटण्याच्या प्रत्येक पायरीला चार-सहा शिलिंगांचें अंतर होतें. एवढ्या फरकावर चहांत साखर पडावयाची कीं सॅकरिन, आणि मुलाचा जोडा दुरुस्त व्हावयाचा कीं त्याला घरींच बसवावयाचें, हें ठरत असे. मनोधैर्य ही केवळ स्वभावाची देणगी आहे असें मानणाऱ्यांनीं हे चार आंकडे अवश्य पाहावेत.

हा वृत्तांत १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांचा बेकारीच्या उपपत्तीवरील ग्रंथहि बाहेर पडला. स्पर्धा पूर्णपणें मोकळी असेल तर वेतन मागणीप्रमाणें खालींवर होऊन काम मागणाऱ्या प्रत्येकाला शेवटीं काम मिळेल, आणि जी बेकारी दिसते ती घर्षणामुळें व वेतन लवचिक नसल्यामुळें दिसते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोंख होता. या उपपत्तींत ‘घर्षण’ हा शब्द अडगळीच्या खोलीसारखा वापरला गेला; जें समजत नाहीं तें त्यांत टाकावें. ती खोली उघडून झाडण्याचें काम पुढच्या पिढीनें केलें.

तिची किल्ली मात्र एका पूर्वसूरीनें आधींच दाखवून ठेवली होती. विल्यम बेव्हरिज यांचा जन्म १८७९ सालीं बंगालमध्यें रंगपूर येथें झाला. वडील तेथें मुलकी नोकरींत न्यायाधीश होते. बेव्हरिज यांनीं लंडनच्या गोद्यांतील मजुरांची स्थिति अभ्यासिली. पूर्वीं मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकाशीं बदली कामगार सकाळीं उभे राहत, तसे तेथील मजूर प्रत्येक गोदीच्या दाराशीं थवे करून उभे राहत. एका दाराशीं माणसें उरत आणि दुसऱ्या दाराशीं कमी पडत, तरी ह्या दारची वार्ता त्या दाराला पोंचत नसे. म्हणून प्रत्येक गोदी आपापल्या दाराशीं उपाशी माणसांचा राखीव सांठा बाळगून होती. १९०९ च्या आपल्या ग्रंथांत बेव्हरिज यांनीं बेकारी हा मजुराच्या चारित्र्याचा नसून उद्योगाच्या रचनेचा प्रश्न आहे, असें मांडलें. आणि १९१० च्या फेब्रुवारींत ब्रिटनमध्यें सरकारी कामगार-विनिमय कचेऱ्या उघडल्या. रिकाम्या जागा आणि रिकामीं माणसें यांचा संबंध दाखविणाऱ्या वक्ररेषेला पुढें अर्थशास्त्रज्ञांनीं त्यांचें नांव दिलें. ती त्यांनीं स्वतः कधीं काढलेली नव्हती!

रिकाम्या जागा व रिकामीं माणसें एकाच गांवांत एकाच वेळीं कशीं असूं शकतात ? श्रोत्यांपैकीं ज्यांनीं घरांतील मुलामुलींचीं लग्नें जुळविलीं आहेत, त्यांना हें कोडें मुळींच वाटणार नाहीं. गांवांत उपवर मुली असतात, लग्नाचे मुलगेहि असतात. तरी स्थळें पाहण्यांत वर्षें जातात. कोठें कोण आहे याची माहिती काढावी लागते, जाण्यायेण्याचा खर्च पडतो, आणि पहिल्याच स्थळाला होकार द्यावा कीं आणखी चार पाहावीं ही घालमेल दोन्ही घरीं चालूं असते. शिकागोचे जॉर्ज स्टिग्लर यांनीं १९६२ सालीं कामाच्या बाजाराकडे याच दृष्टीनें पाहिलें. एकाच कामाला निरनिराळे मालक निरनिराळें वेतन देतात, आणि तें कळून घेण्यास वेळ व पैसा लागतो; अर्थात् माहिती हीहि विकत घ्यावी लागणारी वस्तु ठरते. १९७० सालीं जॉन मॅकॉल यांनीं ह्या विचाराला गणिताचें रूप दिलें. काम शोधणारा मनाशीं वेतनाची एक रेघ आंखतो. रेघेवरचें पहिलें काम तो घेतो, खालचें नाकारतो. गांठीं चार पैसे असले तर रेघ वर राहते, वाण्याची उधारी वाढली कीं ती खालीं येते. तेव्हां एखाद्या पदवीधरानें मिळालेली पहिली नोकरी नाकारली तर तो उन्मत्तच असला पाहिजे असें नव्हे. कदाचित् त्याचा हिशेब बरोबरहि असेल.

मात्र हा हिशेब सारखा त्याच्याच बाजूनें पडत नाहीं. पीटर डायमंड यांनीं १९७१ सालीं बाजारांतील किंमतींविषयीं एक चमत्कारिक निष्कर्ष काढला. दुकानें कितीहि असोत, दुसऱ्या दुकानापर्यंत जाण्यास थोडा जरी खर्च पडत असला, तरी सर्व दुकानदार एकट्या मक्तेदाराचीच किंमत लावूं शकतात. हाच तर्क वेतनाला लाविला म्हणजे शोधाचा खर्च हें मालकाच्या हातांतील मुकें शस्त्र ठरतें. कामगाराला दुसऱ्या फाटकापर्यंत जाणें परवडत नाहीं, एवढ्यामुळेंच पहिल्या फाटकावरचें वेतन कमी राहूं शकतें. डायमंड, डेल मॉर्टेन्सन व ख्रिस्तोफर पिसारिडेस या तिघांनीं शोध, जुळणी व वेतनाची घासाघीस यांची जी एकत्र उपपत्ति बसविली, तिच्याबद्दल त्यांना २०१० सालीं आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मरणार्थ दिलें जाणारें अर्थशास्त्राचें पारितोषिक मिळालें.

तरीहि मारिएन्थालच्या रस्त्यावर थांबत थांबत चालणारा तो मनुष्य या समीकरणांत पुरता बसत नाहीं. समीकरणांतला शोधक शंभराव्या दिवशींहि पहिल्या दिवसाइतकाच ताजा असतो. प्रत्यक्षांत तसें घडत नाहीं. अॅलन क्रूगर व आंद्रेआस म्युलर यांनीं २००९ च्या मंदीच्या काळांत अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांतील सुमारें सहा हजार बेकारांना आठवड्यामागून आठवडा प्रश्न विचारले. बेकारी लांबत गेली तसतसा शोधावर खर्च होणारा वेळ घटत गेला. आणि दिवसांतील सर्व उद्योगांत काम शोधण्याचे तासच विशेष खिन्नतेचे असतात, असेंहि लोकांनीं सांगितलें. नकार खाण्याचें काम बिनपगारी करावें लागतें, तें रोज कोण हौसेनें करील ?

शिवाय धीर न सोडणाऱ्यासहि दार पूर्वींइतकें उघडें राहत नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कोरी क्रॉफ्ट, फाबियान लांगे व मॅथ्यू नोटोविडिग्डो यांनीं अमेरिकेंतील शंभर मोठ्या शहरांत सुमारें तीन हजार जाहिरातींना बारा हजार काल्पनिक अर्ज धाडले. अर्जदार किती महिने बेकार आहे, एवढीच गोष्ट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें बदललेली होती. महिने वाढले तशीं मुलाखतीचीं बोलावणीं कमी झालीं, आणि ही घट पहिल्या आठ महिन्यांतच विशेष होती. याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, ज्या शहरांत कामें मुबलक होतीं तेथें ही घट अधिक तीव्र होती. इतकीं कामें असून हा रिकामा, त्या अर्थीं याच्यांतच कांहीं उणें असलें पाहिजे, असा तर्क मालक करीत असावेत. दिवाणखान्यांतील तें वाक्य कचेरीच्या मेजावरहि बोललें जातें आणि तेथें तें स्वतःला खरें करून घेतें.

भत्ता बंद केला कीं आळशी माणूस झटकन कामाला लागतो, हीहि समजूत जुनीच. तिला आधार म्हणून असें दाखविण्यांत येई कीं, भत्त्याची मुदत संपण्याच्या आठवड्यांत पुष्कळ नांवें बेकारांच्या नोंदींतून गळतात. डेव्हिड कार्ड, राज चेट्टी व आंद्रेआ वेबर यांनीं २००७ सालीं ऑस्ट्रियाच्याच सरकारी नोंदी तपासल्या. त्या आठवड्यांत नांवें गळण्याचा वेग दुपटीहून अधिक वाढतो हें खरें, परंतु नवी नोकरी लागण्याचा वेग अगदीं थोडा वाढतो. पुष्कळसे लोक कामावर गेलेलेच नसतात. भत्ता संपला, मग नांव ठेवून काय करावयाचें, एवढाच त्याचा अर्थ असतो.

या साऱ्या संशोधनानंतर २०२० सालीं ऑस्ट्रियाच्या रोजगार खात्यानें पुन्हां मारिएन्थालकडेच मोर्चा वळविला. ही वसाहत ज्या ग्रामाटनॉइझीडल गांवांत मोडते, तेथील दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला पगारी कामाची हमी देण्यांत आली. काम घेण्याची सक्ति नव्हती. बहुतेक सर्वांनीं तें घेतलें. आधीं दोन महिन्यांची तयारी, मग सुतारकाम, बागकाम, जुन्या इमारतीची डागडुजी अशीं स्थानिक गरजेचीं कामें. माक्सिमिलियन कासी व लुकास लेह्नर यांनीं त्याची पाहणी केली. पहिल्या ६२ जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एक ऑक्टोबर २०२० मध्यें कामावर गेला, दुसऱ्याला फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावें लागलें. मधल्या काळांत दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारण्यांत आले. कामावर गेलेल्यांचें उत्पन्न व मनःस्वास्थ्य सुधारलेलें आढळलें, गांवांत आपल्याला विचारतात ही जाणीवहि वाढली होती. शरीरप्रकृतींत मात्र तेवढ्या अवधींत फरक पडला नव्हता. प्रश्नांच्या यादींत एक बाब नव्वद वर्षांपूर्वींच्या पाहणीवरून व याहोडाबाईंच्या पुढील लिखाणावरून घेतलेली होती : दिवस कसा जातो, त्याला कांहीं आंखणी आहे कीं नाहीं. ज्यांना काम मिळालें होतें त्यांच्या दिवसाला ती परत आली होती. जे फेब्रुवारीची वाट पाहत होते त्यांच्या उत्तरांत ती तितकी दिसली नाहीं.