खाऱ्या दर्यांत गोडें पाणी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं पूर्वजांचे उपकार आठवणें हें आपलें कर्तव्यच आहे, व तें इतर वक्त्यांनीं उत्तम प्रकारें बजावलें आहे. मला मात्र आपल्या रोजच्या जीवनांतील एका गोष्टीविषयीं चार शब्द बोलणें अगत्याचें वाटतें. ती गोष्ट म्हणजे आपला थकवा. पहाटे होडी घेऊन गेलेला दर्यावर्दी कधीं कधीं रिकामी टोपली घेऊन परततो. घरची आई चुलीपासून बाजारापर्यंत व बाजारापासून आजाऱ्याच्या खाटेपर्यंत धांवत असते. मुलगा मुंबईस किंवा आखाती देशांत, आणि म्हातारीं माणसें घर राखीत बसलेलीं. हा थकवा नुसत्या हाडांचा नव्हे. रात्रभर झोंप घेऊनहि तो उतरत नाहीं. मग नवा जोम आणावा तरी कोठून?

मालवणच्या किनाऱ्यावरून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं त्याचें बांधकाम आरंभिलें व १६६७ सालीं तें पुरें झालें. त्या किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चोहोंकडे खारा दर्या, आणि मध्यें गोडें पाणी! परंतु विहीर जवळ आहे एवढ्यानें तहान भागत नाहीं. घागर घेऊन तेथपर्यंत गेलें पाहिजे, व रोज गेलें पाहिजे. आत्म्याच्या तहानेचेंहि असेंच आहे.

पवित्र शास्त्रांत एलिया संदेष्ट्याची कथा आपण ऐकली आहे. राणीच्या भयानें तो रानांत पळाला, एका झुडुपाखालीं बसला, आणि त्यानें देवापाशीं मरण मागितलें. देवानें त्यावर रागें भरून उपदेश केला काय? नाहीं. देवदूतानें त्याला भाकर दिली, पाणी दिलें व पुन्हां निजूं दिलें. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हां खाऊं घातलें. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालला, आणि पर्वतावर त्याला देव भेटला तो वादळांत नव्हे, भूकंपांत नव्हे, अग्नींतहि नव्हे, तर एका मंद स्वरांत. बंधुभगिनींनो, दमलेल्या मनुष्यास देव प्रथम जें देतो तें इतकें साधें असतें. भाकर, पाणी आणि झोंप यांना आपण क्षुल्लक समजतों, व क्षुल्लक समजल्यामुळेंच त्यांतलें बळ आपल्या अंगीं लागत नाहीं.

कोणी म्हणेल, "आम्हांस संसाराचीं कामें, ध्यानधारणेस वेळ कोठला?" त्याला उत्तर म्हणून सतराव्या शतकांतील ब्रदर लॉरेन्स यांचें चरित्र पाहावें. हे पूर्वाश्रमीं फ्रान्समधील शिपाई. लढाईंत जखम होऊन ते लंगडे झाले, आणि पुढें पॅरिस येथें कार्मेल संघाच्या मठांत बंधु म्हणून राहिले. त्यांच्या वांट्यास मठाचें स्वयंपाकघर आलें. त्या कामाची त्यांना स्वभावतः आवड नव्हती. तरी भांडीं घासतांना, भाजी चिरतांना "देव येथें आहे" एवढें भान ठेवण्याचा त्यांनीं नित्य अभ्यास केला. भान सुटलें तर स्वतःला दोष देत न बसतां तें पुन्हां धरलें. उतारवयांत ते मठवासीयांचीं पायतणें दुरुस्त करीत. १६९१ सालीं ते निवर्तले. त्यांचीं पत्रें व संभाषणें मात्र आजहि जगभर वाचलीं जातात. त्यांचें काम कमी झालें नव्हतें. काम करतांना चित्त ठायीं राहूं लागलें होतें. आपलें चित्त मात्र हात जाळ्यांत असतां उद्यांच्या कर्जांत असतें, मूल बोलत असतां मोबाईलमध्यें असतें. शरीर एकीकडे व मन दुसरीकडे, अशा ओढाताणींत मनुष्य दुप्पट दमतो.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. संत इग्नाती यांनीं रोज आत्मपरीक्षण करण्याची जी रीत घालून दिली, तिची पहिली पायरी पापांची मोजदाद ही नसून मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानणें ही आहे. आधीं आभार, मग दोष. हा क्रम विचार करण्यासारखा आहे.

येथें एक खरी अडचण उभी राहते, ती टाळून चालणार नाहीं. २०२१ सालच्या मे महिन्यांत तौक्ते वादळानें आपल्या किनाऱ्यास झोडपलें. होड्या फुटल्या, छपरें उडालीं, माड आडवे झाले, कित्येक गांवें अंधारांत राहिलीं. ज्याची होडी फुटली त्यानें कशाबद्दल आभार मानावे? माझें नम्र मत असें कीं, वादळाबद्दल आभार मानण्यास देव कोणास सांगत नाहीं. दुःखावर गोड शब्दांचें पांघरूण घालणें ही कृतज्ञता नव्हे, रडणाऱ्यानें रडावें. परंतु आपल्या प्रभूनें भाकर हातीं घेऊन उपकारस्तुति केली ती कोणत्या रात्रीं? ज्या रात्रीं त्याचा विश्वासघात झाला त्याच रात्रीं. उद्यांचा क्रूस त्याला ठाऊक होता, तरी हातांतील भाकर भाकरच होती. युखारिस्त या शब्दाचा अर्थच मुळीं आभारप्रदर्शन. म्हणून फुटलेल्या होडीपाशीं उभ्या असलेल्या मनुष्याला, खांब उचलण्यास आलेला शेजारी दिसला, आणि त्याबद्दल त्याचें मन भरून आलें, तर तेवढेंहि त्याला दुसऱ्या दिवशीं उठण्यास पुरतें.

हें शिक्षण आपल्या भूमींत परकें नाहीं. पावसाळ्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी सुमारें दोन महिने बंद असते. त्या काळांत मासळीची वीण वाढते व किनाऱ्यावर जाळीं सांधलीं जातात. दर्यालाहि विश्रांति लागते, मग मनुष्याला आदितवार नको काय? रापण ओढतांना दोर अनेकांच्या हातीं असतो. एकट्यानें ओढूं म्हटल्यास जाळें तसूभरहि हलत नाहीं. आणि नव्या भाताचीं कणसें आधीं देवापुढें ठेवून मग खाण्याची जुनी चाल कोंकणांत आपणांमध्यें आहे, तशी आपल्या हिंदु शेजाऱ्यांमध्येंहि आहे.

आतां एक सोपा नेम सुचवितों. दिवसाच्या तीन प्रार्थनाघंटा आपणांस वाडवडिलांपासून मिळाल्या आहेत. सकाळची घंटा होतांच अंथरुणावर बसून, आज श्वास चालू आहे याबद्दल आभार मानावे. दुपारच्या घंटेस हातांतलें काम क्षणभर थांबवून समोरच्या माणसाकडे नीट पाहावें. सायंकाळच्या घंटेनंतर, तेर्स झाल्यावर, घरांतील प्रत्येकानें दिवसांतील एक चांगली गोष्ट सांगावी; लहानांनींहि सांगावी, म्हाताऱ्यांनींहि सांगावी. ज्याच्यापाशीं त्या दिवशीं सांगण्यासारखें कांहीं नसेल, त्यानें तसें म्हणावें, व इतरांनीं त्याच्यासाठीं एक नमो मारिया म्हणावी. याला पैसा लागत नाहीं, विद्वत्ता लागत नाहीं, आणि दहा मिनिटांहून अधिक वेळहि लागत नाहीं.

ज्यांनीं हें देऊळ उभारलें त्यांचेहि हात थकत होते, परंतु ते रोज येथें येऊन पुन्हां कामाला लागत. पवित्र मारिया आपणां सर्वांसाठीं विनंति करो, आणि प्रभु आपल्या प्रत्येक घराला रोजची भाकर व ती ओळखण्याची दृष्टि देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.