सोंगाड्याचे शब्द टिपून ठेवा



शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेल्या या जयसिंगपुरात विनोदावर बोलायची संधी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. याच गावात दरवर्षी ऊस परिषद भरते. साखर कारखान्यांच्या काटामारीवर वक्त्याचा एखादा बोचरा शब्द पडला की समोरची गर्दी एकदम हसते. त्या हसण्यात राग असतो आणि हिशेबही असतो. आपल्या विनोदाच्या अभ्यासात या हसण्याला फारशी जागा नाही, ही माझी तक्रार आहे.

या उपेक्षेचे मूळ जुने आहे. नाट्यशास्त्राने हास्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांना, अपहसित आणि अतिहसित अधमांना. पोट धरून हसणारा शास्त्रातच खालच्या पायरीवर बसला. मराठीतही कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, पु. ल. यांच्यावर भरपूर लिहिले गेले, ते योग्यच झाले. तमाशातला सोंगाडी मात्र लोककलेच्या प्रकरणापुरता राहिला.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा यांना ग्रहांची भीती घालून जोशी लुबाडतो. विदूषक मध्येमध्ये बोलून ती लबाडी उघडी पाडत जातो. संस्कृत नाटकात राजाचा सोबती असलेला विदूषक फुल्यांनी कुणब्याच्या बाजूला आणून उभा केला. मराठी राजकीय विनोदाचा अभ्यास मी इथून सुरू करीन. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडले.

आपल्याच कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात पाहा. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार रंगवले. ज्या वर्दीला गोरगरीब बिचकत, तिच्यावर ते रात्रभर मोकळेपणाने हसले. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी गणातल्या देववंदनेच्या जागी मातृभूमीचे वंदन आणले, गवळण वगळली आणि तमाशा कामगारांच्या हाती दिला. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने निळू फुल्यांसारखा नट दिला.

पण गौरव करताना एक गोष्ट झाकू नये. याच फडांवर बाईच्या शरीरावर, माणसाच्या व्यंगावर, जातीवरही विनोद झाले, आजही होतात. विनोद कोणावर होतो आणि मार कोणाला बसतो, हे न विचारता केलेला अभ्यास अर्धवट आहे. दुबळ्याला हसणे सोपे, त्याला पोलीस बंदोबस्त लागत नाही. सत्तेवरच्या विनोदाचे काय होते, ते मार्च २०२५ मध्ये एका विनोदी कलाकाराच्या राजकीय विनोदावरून मुंबईत खारला कार्यक्रमाच्या जागेच्या झालेल्या तोडफोडीने दाखवले. त्या वेळी साहित्यिकांनी आणखी मोठ्याने बोलायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोंगाड्याच्या विनोदाची, म्हणजे तमाशातल्या बतावणीची, अडचण अशी की ती सहसा कागदावर नसते. गाव बदलले की ती बदलते. पाटील, सरपंच, पाण्याचा तंटा, जे त्या गावात चालू असेल ते सोंगाडी उचलतो. ही बतावणी ज्यांना मुखोद्गत आहे ते कलावंत आता थकले आहेत. शिरोळ, हातकणंगले आणि मिरज तालुक्यांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे : विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्या दारी जा, ध्वनिमुद्रण करा, कलावंताचे नाव लिहा आणि त्याला मानधन द्या. हे काम येत्या जत्रांच्या हंगामातच सुरू करा.