बारा ते चार



नागपुरात मे महिन्यात व्याख्यान ठेवायचे तर संध्याकाळी सातच्या आत ठेवता येत नाही. सीताबर्डीची खरेदी, फुटाळ्याच्या काठावरची गर्दी, नाटक, गाणे, अंगणातल्या गप्पा, सगळे उन्ह उतरल्यावर. या शहराची अख्खी संस्कृती दुपारच्या विश्रांतीवर उभी आहे, आणि ती मला फार प्रिय आहे.

आपला कुलरच घ्या. वाळ्याच्या ताटीवर पाणी झिरपते, कोरडी हवा त्यातून आत येते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि खोलीभर वाळ्याचा वास पसरतो. मुंबईच्या दमट हवेत हे यंत्र निरुपयोगी ठरते. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची खरी किंमत कळते. सकाळच्या पहिल्या उन्हात गच्चीवर सरगुंडे, शेवया, कुरडया पडतात. बारीक काडीवर पिठाची सळी वळत बसलेल्या चार बायांच्या बोलण्यात गल्लीची वर्षभराची बातमी असते. पुढे ते सरगुंडे आमरसासोबत खाल्ले की कडक उन्हाचेही आभार मानावेसे वाटतात. रस्त्यात रसवंतीचे घुंगरू, चौकात प्याऊचे रांजण, घरी कैरीचे पन्हे. पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या गावाने हे सारे पिढ्यान्‌पिढ्या जमवले आहे.

पण बारा ते चार हे शहर झोपते, असे आपण म्हणतो, ते खरे नाही. कळमन्याच्या बाजारात हमाल पोती उचलतो. जेवणाचे पार्सल घेऊन कोणीतरी तिसऱ्या मजल्यावर चढतो. छत्तीसगडहून, बालाघाटहून आलेली कुटुंबे उघड्या स्लॅबवर काम करतात. हवा अंगापेक्षा जास्त तापली की शरीराला उष्णता टाकायला घामावाचून दुसरी वाट नसते. त्यात राबणारे शरीर आतूनही तापते. रात्र थंड असती तर ते सावरले असते. पण दिवसभर तापलेले टिनाचे छप्पर आणि सिमेंटच्या भिंती रात्रीही आराम पडू देत नाहीत. त्यात शेजारचा एसी आपल्या खोलीतली उष्णता, शिवाय स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता, त्याच गल्लीत फेकत असतो.

सरकारला उन्ह कळत नाही, असे नाही. उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भातल्या त्यानंतर, महिनाअखेरीच्या सुमारास. लेकरांसाठी हे आपण मान्य केले, योग्यच केले. मग त्या लेकरांच्या मजूर बापासाठी का नाही? 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,300 हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यातून शिकून त्या शहराने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. इशारे, पाणी, दवाखान्यांची तयारी, हे त्यात आले. पुढे नागपूरनेही त्या वाटेने पाऊल टाकले. पण मोबाइलवर आलेला इशारा वाचून रोजीवरचा माणूस घरी बसू शकत नाही. थांबला की मजुरी बुडते. उन्हापासून वाचायचे तर त्याला आधी मजुरीची हमी हवी. इशाऱ्याचा नंबर त्यानंतर.

आणि त्याला उन्हात बोलावतो कोण? पुष्कळदा आपणच. पावसाआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग व्हावे म्हणून ऐन नवतप्यात माणसे लावतो. आपण खाली कुलरसमोर, तो वर तापल्या फरशीवर. काम पावसाआधीच व्हायला हवे, हे मला मान्य आहे. मग ते एप्रिलमध्ये काढा. मेमध्येच काढावे लागले तर सकाळी सहाला सुरू करा, अकराला थांबवा, उरलेले संध्याकाळी करू द्या आणि एक-दोन दिवस वाढले तर त्यांची मजुरीही द्या. बांधकाम व्यावसायिक या सभागृहात असतील, त्यांनाही माझे हेच मागणे आहे. ठेकेदाराशी बोलताना दराइतकीच वेळेची अट घाला आणि बारा ते चारच्या विश्रांतीचे पैसे कापले जाणार नाहीत, हे कागदावर लिहून घ्या.